आण्णांचा १९८४चा मॅसी सात वर्षांनी शेडबाहेर काढतेय, आधी काय काय बघू?

रानवाट | ६ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

माझ्या आजोबांचा, म्हणजे आण्णांचा, मॅसी फर्ग्युसन १०३५ गेली सात वर्षं गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. १९८४चा आहे, नंबर अजून जुना, 'एम'ने सुरू होणारा तीन अक्षरी. आण्णांनी शेवटची पेरणी केली, धुऊन लावला आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. नंतर कोणी हात लावला नाही. वडिलांना चालवायला यायचा, पण त्यांचे गुडघे गेलेत. मी तीन वर्षांपासून गावी (ता. कडेगाव, जि. सांगली) पूर्णवेळ शेती बघतेय. सहा एकर, त्यातली दोन ऊस.

गेल्या आठवड्यात भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला. भाऊ म्हणाला देऊन टाकू. माझ्याच्यानं होईना. म्हणून इथं विचारतेय.

आज दिवसभर नुसतं डोळ्यांनी बघितलं, एकही नट खोलला नाही. दिसलं ते असं: मागचं उजवं टायर रिमवर बसलंय. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलंय आणि नेमकी तिथंच वरून पत्रा गळतोय, त्यामुळे दांड्याभोवती गंजाचा गोल डाग पडलाय. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा काळा ओघळ. सायलेन्सरच्या तोंडावर मात्र आण्णांनी वनस्पती तुपाचा डबा पालथा घालून तारेनं बांधला होता, तो तसाच आहे.

बॅटरी आणून सेल मारून बघू का? की आधी अजून काही?

---

पानाबारा | ६ एप्रिल, रात्री ९:५२

ताई, सेल मारू नका. बॅटरी आणूच नका एवढ्यात.

मी ४० वर्षं ट्रॅक्टर खोलले, त्यातले निम्मे मॅसी. उभ्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान उभं राहून होत नाही, पहिल्या पाच मिनिटांच्या घाईत होतं. सात वर्षांत पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरलेल्या असतात. त्यात सेल मारला की रिंग तुटते, लायनरला चर पडते, आणि जे इंजिन दोन लिटर तेलात सुटलं असतं ते फुल इंजिन कामाला जातं.

तुमच्याकडे तीन सिलिंडरचं सिम्पसनचं इंजिन आहे, पर्किन्सच्या आराखड्याचं. डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढा. काढण्याआधी भोवतालची माती ब्रशने झाडून, डिझेलने धुऊन घ्या, नाहीतर सगळी आत पडेल. प्रत्येक भोकात अर्धी वाटी डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून ओता. वर स्वच्छ फडकं कोंबा. चार दिवस विसरून जा. पाचव्या दिवशी टॉप गिअरला टाका आणि दोघांनी ट्रॅक्टर मागे-पुढे नुसता हलवा. झटका द्यायचा नाही. बोटभर जरी हलला तरी जिंकलात. नाही हलला तर अजून तेल, अजून चार दिवस.

त्या डब्याबद्दल एक सांगतो. आण्णांनी डबा घातला नसता तर सात पावसाळ्यांचं पाणी सायलेन्सरमधून उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये गेलं असतं. मी तसे चार-पाच ट्रॅक्टर बघितलेत, पिस्टन घणाने ठोकून काढावे लागतात. तुमचं इंजिन त्या डब्याने वाचवलं असणार.

---

सरीवरंबा | ६ एप्रिल, रात्री १०:३०

मी मोकळेपणाने वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ३५ एचपीचा ४० वर्षं जुना ट्रॅक्टर आजच्या शेतीत काय करणार? रोटर मारायचा तर दम लागतो. उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या तर ब्रेक आणि वजन दोन्ही कमी. लाखभर घालाल आणि वर पुन्हा नांगरटीला भाड्याचाच आणाल. माझ्या चुलत्यांनी हेच केलं होतं.

---

रानवाट | ७ एप्रिल, सकाळी ६:४५

सरीवरंबा दादा, राग कसला. हा हिशेब मीही केलाय. नांगरट आणि ऊसतोडीच्या ट्रॉल्या मी भाड्यानेच करणार. पण पेरणीला, फनाला (दाती औजाराने माती मोकळी करायला), पाण्याच्या टँकरला आणि फवारणीला दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. वापसा आला, म्हणजे पावसानंतर माती कामाजोगी सुकली, की सगळ्यांना एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. गेल्या साली माझी सोयाबीन नऊ दिवस उशिरा पडली, ती त्यामुळेच. एवढ्या कामांना ३५ एचपी पुरतो.

आणि आण्णांचा आहे हे कारण आहेच, ते मी लपवत नाही.

पानाबारा काका, नोझल आज काढते. गावातले एक मिस्त्री मदतीला येतो म्हणालेत.

---

नांगरट | ७ एप्रिल, सकाळी ११:२०

पाना हातात घ्यायच्या आधी एक दिवस कागदांना द्या. माझी यात एक खेप फुकट गेलीय म्हणून लिहितो.

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून जुळवा. रंग आणि चिकट खरवडावं लागेल. नंबर दिसला की वर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेऊन ठेवा, आरटीओत उपयोगी पडतो. जुन्या गाड्यांना कधीकाळी दुसरा ब्लॉक टाकलेला असतो आणि बुकावर नोंद नसते, ते आत्ता कळलेलं बरं.

मालक मयत असल्यामुळे वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ लागतो, साध्या विक्रीचे २९-३० इथं चालत नाहीत. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याला नमुना २५. आणि बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा. १९८४चा ट्रॅक्टर म्हणजे कर्जावरच घेतलेला असणार. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. त्याला बँकेचा दाखला आणि नमुना ३५.

---

रानवाट | १२ एप्रिल, रात्री ८:३०

पहिला अहवाल.

कागद: दोन्ही नंबर जुळले. बोजा खरंच अजून बुकावर होता! आईच्या ट्रंकेत बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केल्यासारखा घडी घालून ठेवलेला. नांगरट दादा, तुमचे आभार.

इंजिन: काल पाचवा दिवस. मी, भाऊ आणि मिस्त्री. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा भाऊ म्हणाला हललं, मिस्त्री म्हणाले टायर दबतंय नुसतं. मग मी खाली बसून पुढच्या पुलीवर खडूची रेघ मारली आणि त्यांना हलवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला रेघ साधारण एक बोट सरकली. संध्याकाळपर्यंत पूर्ण वेढा फिरला. विकायला निघालेल्या भावानेच आज सकाळी पुन्हा तेल ओतलं.

इंजिन ऑइल: खालचा प्लग सगळा न काढता नुसता सैल केला. पाणी जड म्हणून आधी ते येतं, हे इथंच एका जुन्या धाग्यावर वाचलं होतं. पाणी आलं नाही, सरळ काळं तेल आलं.

गिअरबॉक्स: इथं मात्र वाईट. तेल मोजायची काडी वर काढली तर तेलाच्या जागी पातळ कढी. तोच पिवळसर-पांढरा रंग.

फोटो बघून सांगा, गिअर गेले का?

---

पानाबारा | १२ एप्रिल, रात्री ९:१५

गेले असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. कारण तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे: रबर फाटलेलं आणि वर पत्रा गळका. सात पावसाळे थेंब थेंब दांड्यावरून आत. आधी पत्र्याला डांबर लावा, मग पुढचं बोलू.

मॅसीत एक समजून घ्या. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक, तिन्हींना तेल एकच. लिफ्टचा पंपही त्याच तेलात बुडालेला. म्हणजे पाणी गिअरपुरतं राहिलेलं नाही, लिफ्टच्या पंपात आणि व्हॉल्व्हमध्येही पोचलंय. तुमची लिफ्ट पहिल्या दिवशी उचलणार नाही असं मी आत्ताच सांगून ठेवतो.

तेल काढताना खालचे सगळे प्लग खोला, एकावर थांबू नका. खोलगट जागी पाणी साठून राहतं. रात्रभर निथळू द्या. मग दहाएक लिटर डिझेल घाला, दोन्ही मागची चाकं उचलून हाताने फिरवा, काढून टाका. कढीचा रंग जाईपर्यंत. दोनदा तरी लागेल. नवीन तेल तिसेक लिटर जाईल, ते एकदम चांगल्यातलं घालू नका. पहिलं साधं घाला, वीस-पंचवीस तास चालवा, ते काढून मग चांगलं. उरलेलं पाणी त्या पहिल्या तेलाबरोबर बाहेर येतं.

आणि चाकं उचलाल तेव्हा जॅकवर विसंबू नका. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर ॲक्सलखाली बाभळीचे रुंद ओंडके लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मगच खाली हात घाला. विटा अजिबात नकोत. वीट सांगून फुटत नाही.

---

काळीरान | १३ एप्रिल, सकाळी ७:००

बसलेल्या टायरबद्दल. जुन्या काळी मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरायची पद्धत होती. आण्णांनी भरलं असेल तर रिम आतून सडलेली असू शकते, विशेषतः व्हॉल्व्हच्या भोकाभोवती. टायर उतरवून हातोडीने ठोकून बघा. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर रिम बदला. माझी रिम हवा भरताना चिरली होती, मी बाजूला उभा होतो म्हणून हे लिहितोय. हवा भरताना टायरसमोर उभं राहू नका.

माप बहुधा १२.४-२८ मागे आणि ६.००-१६ पुढे. टायरच्या बाजूच्या भिंतीला उभ्या-आडव्या चिरा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, सोडून द्या.

---

कोव्हेंट्रीकर | १३ एप्रिल, दुपारी ३:४०

हा धागा रोज उघडून बघतोय. मूळचा वाईचा, गेली १५ वर्षं कोव्हेंट्रीत. इथल्या बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६पासून फर्ग्युसन टीई-२० बनला, तो करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर. पाच लाखांहून जास्त निघाले. त्याच्यानंतर १९५६ला ३५ आला. चेन्नईच्या टॅफेने १९६०च्या दशकापासून मॅसीचे ट्रॅक्टर भारतात बनवले. तुमचा १०३५ हा त्या ३५चाच वंशज. इथं गावोगावच्या जत्रेत अजून ३५ चालत येतात, साठीच्या पुढचे.

एकच मुद्दा जोडतो, कारण तो ह्या ट्रॅक्टरचा जीव आहे. टॉप लिंक, म्हणजे औजाराला वरून धरणारा दांडा, जिथे जोडतात त्या मागे एक जाड स्प्रिंग असते. नांगर कडक जमिनीत गेला की टॉप लिंक पुढे ढकलली जाते, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट आपोआप किंचित उचलते. औजाराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून हलका ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या मानाने जास्त ओढतो. हॅरी फर्ग्युसनची ही करामत. तर टॉप लिंक काढून ती खोबणी हाताने पुढे-मागे ओढून बघा. खुळखुळत असेल तर स्प्रिंग सैल आहे, ती बसवून घेतल्याशिवाय फनाची खोली एकसारखी राहणार नाही.

---

रानवाट | १९ एप्रिल, रात्री ९:००

दुसरा अहवाल, जरा लांब.

पत्र्याला डांबर लावलं. गिअरबॉक्स तीनदा धुतला, तिसऱ्यांदा डिझेल स्वच्छ आलं. उजव्या बाजूचं काडीचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात आत बघितलं. जे गिअर दिसले त्यांच्या दातांवर गंजाची तांबूस साय आहे, पण बोटाने पुसली की जाते, खड्डे नाहीत. पानाबारा काका, लिफ्टचं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. व्हॉल्व्ह जागच्या जागी घट्ट. मिस्त्रींनी डिझेल सोडून सोडून दोन दिवसांत हलता केला.

उजवी रिम व्हॉल्व्हपाशी खरंच सडलेली. काळीरान दादा, ठोकली तेव्हा आवाज आलाच नाही, हातोडी आत रुतली. जुन्या बाजारातून दुसरी आणली. मागचे दोन्ही टायर नवीन, पुढचे सध्या आहेत तेच.

आता ब्रेक. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. ब्रेकच्या दोन पेडलांपैकी उजव्याचे दात झिजून पार गुळगुळीत झालेत, अंगठा फिरवला तर पाटीसारखा लागतो. डाव्याचे दात तसेच टोकदार. आधी कळेना. मग आठवलं, आमचं रान लांबट आहे, विहिरीकडच्या बांधाला आण्णा कायम उजवा ब्रेक दाबून वळवायचे. डाव्या हाताला विहीर होती. ड्रम खोलल्यावर तसंच निघालं: उजव्याचं ब्रेक लायनर रिबिटापर्यंत झिजलेलं, डाव्याचं जाड. पण डाव्याच्या लायनरवर तेल. म्हणजे तो काळा ओघळ ॲक्सलच्या ऑइल सीलचा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचा).

सीलचा त्रास झाला. तालुक्याच्या एका दुकानातून 'ओरिजिनल'च्या डबीतलं सील आणलं, बसवलं, दोन दिवसांत पुन्हा तेल. काढून बघितलं तर ओठाचं रबर नखाने सुटतंय. ८० किलोमीटरवरून दुसरं आणलं. पैशापेक्षा चाक दोनदा उतरवायला लागलं त्याचं वाईट वाटलं.

---

माणदेशी | १९ एप्रिल, रात्री ९:४०

सील घेताना दुकानातच ओठ उलटा करून बघायचा आणि आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे का ते. जुनं सील बरोबर न्यायचं. आणि जिथे सील बसतं तिथं शाफ्टला चर पडलीय का नखाने बघा. चर असेल तर सोन्याचं सील घातलं तरी गळणार.

माझी चूक इथं सांगतो म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. मी माझ्या वडिलांच्या गाडीला आधी रंग दिला. ओव्हनचा, झकास. गावात मिरवली. दोन महिन्यांत क्लच गेला. क्लचला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स एकीकडे. पाने लागून, चेन घासून सगळा रंग गेला. रंगाचे पैसे इंजिनाला घातले असते तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. तुम्ही रंग सगळ्यात शेवटी करा.

---

पानाबारा | २० एप्रिल, सकाळी ८:१०

माणदेशींनी फोडण्याचा विषय काढला म्हणून. मॅसीला वेगळी चेसिस नसते. इंजिन, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग हेच एकाला एक बोल्टने जोडलेलं, तोच सांगाडा. म्हणून सगळ्या जोडांवरची चिकट धुऊन काढा आणि उन्हात नीट बघा. केसासारखी रेघ दिसली, किंवा जोडातून तेल पाझरत असलं, तर थांबा. ट्रॉली ओढलेल्या गाड्यांचे बोल्ट ढिले झालेले असतात. पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि किंगपिनचे बुशही बघा: पुढचं उचलून चाक वर-खाली धरून हलवा.

आता इंजिन चालू करायचा क्रम.

डिझेल टाकी काढून धुवा. तळाशी काळा शेंबडासारखा थर असेल, तो पंपात जाता कामा नये. दोन्ही फिल्टर नवे. नोझल आणि पंप पंपवाल्याकडे द्या, ह्यात काटकसर नको. तुमचा पंप रोटरी असेल तर त्याला वंगण डिझेलचंच असतं, पाणी गेलं की आतून खातं. आतला मीटरिंग व्हॉल्व्ह जुन्या डिझेलच्या राळेने चिकटतो. तो उघडा चिकटला तर इंजिन सुरू होताच रेस धरतं, म्हणजे बेफाम पळत सुटतं, आणि बंद करायची नॉब ओढून बंद होत नाही. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एकाने मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या, तोंडाशी सपाट जाड फळी घेऊन उभं राहायचं. रेस धरली की फळी दाबायची. हात नाही, कापड नाही, फळीच.

नोझल चालतो का बघायला बाहेर काढून सेल मारतात ते करू नका. तो फवारा कातडी फोडून आत जातो. दिसायला टाचणीएवढं भोक, पण बोट कापायची पाळी येते. माझ्या एका सोबत्याचं झालंय.

व्हॉल्व्हची गाळी, म्हणजे फट, थंड इंजिनला बारा थाऊ (इंचाचे बारा हजारांश). ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी खरवडून धुऊन खुणेपर्यंत ताजं इंजिन ऑइल.

---

रानवाट | ४ मे, रात्री ७:५०

अडले. पंप-नोझल होऊन आले (पंपवाले म्हणाले व्हॉल्व्ह खरोखर चिकटलेला होता). सगळं बसवलं. आता डिझेलच्या पाइपांतली एअर काढतोय, तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची हाताची काडी दाबली की नुसती लुळी पडते, डिझेल पुढे जात नाही. नवीन फीड पंप घेऊ का?

---

पानाबारा | ४ मे, रात्री ८:०५

घेऊ नका! फीड पंप आत कॅमवर चालतो. इंजिन थांबताना कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्याखाली आला की पंप आधीच दाबलेला असतो, हाताला काही उरत नाही. इंजिन एक वेढा फिरवा आणि पुन्हा काडी मारा.

मग क्रमाने: आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पंपाच्या अंगावरचा, मग पंपाच्या वरच्या झाकणावरचा. शेवटी तिन्ही नोझलचे पाइप नोझलपाशी सैल करून सेल, डिझेल आलं की घट्ट.

---

रानवाट | ५ मे, रात्री ८:४०

चालू झाला.

एक वेढा फिरवला आणि काडीला लगेच जोर लागला. संध्याकाळी साडेपाचला. फळी घेऊन भाऊ, सीटवर मी, मिस्त्री पंपापाशी. मी किल्लीला हात घातला तेवढ्यात आई दारातून ओरडली, "न्यूट्रल बघितलंस का?" आण्णा रोज सेल मारायच्या आधी मोठ्यांदा स्वतःशीच म्हणायचे तेच वाक्य, त्याच सुरात. मी पुन्हा दांडा हलवून बघितला. न्यूट्रल होता.

तिसऱ्या सेलला एक सिलिंडर पकडला, मग दुसरा, आणि दहा-बारा सेकंद नुसता लंगडत पांढरा धूर. मग तिसरा आला. ऑइलचा काटा वर चढला तेव्हा मिस्त्रींनी मान हलवली. फळी लागली नाही. पाच मिनिटांत धूर निवळला. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या नळीतून) थोडा श्वास येतोय, पण तेल फेकत नाही.

बाबा खुर्ची घेऊन अंगणात बसले होते. बंद केल्यावर म्हणाले, "अजून एकदा लाव." एवढंच. मी परत लावला.

---

सरीवरंबा | ५ मे, रात्री ९:२०

मनापासून अभिनंदन ताई. माझं हिशेबाचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण वापसा चुकण्याचं तुमचं कारण त्या दिवशी पटलं होतं, ते लिहायचं राहिलं होतं. एक विनंती: गावात सुरू झालेला ट्रॅक्टर दिसला की लोक "एक खेप ट्रॉली ने" म्हणून येतील. नका देऊ. हे ब्रेक भरल्या उसाच्या ट्रॉलीचे नाहीत.

---

जुनंलोखंड | ६ मे, सकाळी १०:१५

रंगाचं काय ठरवलंत? मूळ लाल पत्रा आणि करडं इंजिन, तसाच करा. बाजारात झगझगीत लाल मिळतो तो मॅसीचा नाही, बॉनेटच्या आतल्या बाजूला ऊन न लागलेला मूळ रंग असतो, तो दाखवून जुळवून घ्या. पत्रे काढून गंज घासून रेड ऑक्साइड, मग रंग.

---

रानवाट | ६ मे, रात्री ८:३०

रंग देतेय, बॉनेट आणि रिमांना. पण डाव्या मडगार्डला नाही. लहानपणी मी आणि भाऊ त्याच्यावर बसून रानात जायचो. तिथला रंग आमच्या बसण्याने जाऊन पत्रा चकचकीत झालाय, हाताच्या पकडीची जागासुद्धा दिसते. गंज धरू नये म्हणून नुसतं तेल पुसणार.

---

पानाबारा | ६ मे, रात्री ८:५५

ठेवा तसाच. पण आता कोणाच्या पोराला तिथं बसवू नका. ह्या गाडीला वर आडवा सांगाडा नाही, उलटली तर वाचवायला काही नाही, आणि मडगार्डवरून पडलेलं पोर थेट मागच्या चाकाखाली जातं. आपण बसलो आणि वाचलो.

आणि पीटीओच्या, म्हणजे मागे औजार फिरवणाऱ्या, शाफ्टला टोपी बसवा. ओढणी, धोतर, लुंगी, कशाचंही टोक त्यात गेलं की सोडवायला वेळ मिळत नाही. ओढायचं काही असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. वरती टॉप लिंकच्या जागी बांधली की पुढचं उचलतं आणि गाडी माणसावर उलटते.

---

रानवाट | १७ जून, रात्री ९:३०

उशीर झाला लिहायला. परवा चांगला पाऊस झाला, आज दुपारी वापसा आला. मूठभर माती दाबून सोडली की फुटत होती. दोन वाजता फन जोडला, साडेसहापर्यंत दोन एकर झालं. उद्या पेरणी. ह्या वेळी कोणाला फोन करावा लागला नाही.

टॉप लिंकची स्प्रिंग बसवून घेतली होती. खालच्या अंगाला रान कडक आहे, तिथं फन किंचित आपोआप उचलला आणि पुढे पुन्हा बसला, मी लिव्हरला हात लावला नव्हता. कोव्हेंट्रीकर दादा, तुम्ही लिहिलं होतं ते पायाखाली जाणवलं. विहिरीकडच्या बांधाला मीही उजवा ब्रेक दाबूनच वळवला.

सगळा खर्च टायरसकट एक लाख चौदा हजार. निम्म्याच्या आसपास टायर आणि रिम, मग पंप-नोझल, तेल, सील-लायनर, मिस्त्रींची मजुरी. रंग सगळ्यात कमी.

एक शंका. रविवारी चाचणी म्हणून रात्री फन वर उचलून इंजिन बंद केलं होतं, सकाळी बघितलं तर चार बोटं खाली आलेला. लिफ्ट पुन्हा खोलायची का?

---

पानाबारा | १७ जून, रात्री ९:५०

रात्रभरात चार बोटं म्हणजे काही नाही, जुन्या मॅसीला एवढं चालतं. तासाभरात जमिनीला टेकला असता तर खोलायला सांगितलं असतं. पहिलं तेल किती तास झालं ते लिहून ठेवा, पंचवीस झाले की काढा.

पण औजार रात्री वर ठेवायचं नाही, ताई. बंद केलं की खाली टेकवायचं. अंधारात कुत्रं, मांजर, कोणाचा पाय, काय खाली जाईल सांगता येत नाही. आणि सायलेन्सरवर डबा घालायला विसरू नका, पाऊस लागलाय.

---

रानवाट | १७ जून, रात्री ९:५८

डबा घातलाय काका. फन टेकवून येते आत्ताच.